शिंकेच्या पुढचं गाणं

“सून गुणी आहे गं, पण घरात आहे की बाहेर गेलीय, ते दाराशी चपला बघून ठरवावं लागतं.”

हे वाक्य मी ऐकायचं नव्हतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि सासूबाई आत फोनवर त्यांच्या मोठ्या बहिणीशी, म्हणजे मावशींशी, बोलत होत्या. मावशींना कमी ऐकू येतं. त्यामुळे ते वाक्य तीनदा म्हटलं गेलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. तिसऱ्या वेळी समोरच्या इमारतीत कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाई थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. मी हातातला शर्ट झटकला, चिमटा लावला आणि काही बोलले नाही. (म्हणजे सासूबाईंचं म्हणणं खरंच होतं.)

लग्नाला तीन महिने झाले होते. मी मुळातच कमी बोलते, त्यात माझी नोकरी कानाच्या दवाखान्यात. लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं. पेशंट काचेपलीकडे जाड भिंतींच्या खोलीत हेडफोन लावून बसतो. मी अलीकडून बारीक बारीक आवाज सोडते आणि कोणत्या आवाजाला त्याचं बोट वर गेलं ते टिपते. तिथं माझं कोणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे मी दिवसभर एकटीच पुटपुटत असते. “आता उजवा कान... आजोबा, झोपू नका... बोट वर, शाब्बास.” मला ही सवय आहे हे मला माहीत होतं. किती आहे ते नंतर कळलं, आणि कळलं ते वीस माणसांसमोर.

अशी मी येऊन पडले एका खणखणीत घरात. सासरे, म्हणजे बाबा, वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं भर बाजारात उभं राहून “काटा दाखवा!” म्हणण्यात गेल्यामुळे ते जेवताना मीठ मागतात तेव्हाही चार दुकानदार दचकावेत असं मागतात. सासूबाई, म्हणजे आई, शाळेत शिक्षिका होत्या, एका वर्गात साठ मुलं. त्या बोलायला लागल्या की कशासाठीही थांबत नाहीत. बोलण्याच्या भरात त्यांना शिंक येऊन जाते आणि ते त्यांच्या गावीही नसतं. एकदा सामानाची यादी सांगताना “साबण, काडेपेटी आणि” इथं त्या स्वतःच सणसणीत शिंकल्या, आणि त्याच श्वासात बाबांना म्हणाल्या, “रुमाल धरा की तोंडावर!” बाबांनी निमूटपणे रुमाल काढला आणि धरला. मी हे पाहिलं. आणि (सांगायला नकोच) काही बोलले नाही.

नवरा पाणीपुरवठा कचेरीत कारकून आहे, पण ती झाली त्याची वरवरची ओळख. खरी ओळख म्हणजे त्या वर्षी त्यानं घेतलेला सीडी रायटर. आमच्या इमारतीत तसा दुसरा नव्हता. लोक गाण्यांच्या याद्या घेऊन यायचे आणि तो डॉक्टरनं नाडी बघावी तशा गंभीरपणे त्या वाचायचा. मग कुठली कॅसेट, कुठली मित्राची सीडी, कुठलं रेडिओवरून टिपलेलं, असं गाणं गाणं गोळा करून तो कॉम्प्युटरवर चढवायचा आणि रिकाम्या सीडीवर उतरवायचा. ती सीडी बाहेर आली की तो तिच्यावर हळूच फुंकर मारायचा. मी त्याच्या प्रेमात पडले ती ही फुंकर बघून. लग्न तोवर झालेलं होतं, पण ते असो.

त्या सीडींमध्ये एकच खोट होती. दहा ठिकाणांहून आणलेली गाणी दहा आवाजांची. घरातली पहिली सीडी लावली तेव्हा पहिलं गाणं इतकं हळू, की बाबा म्हणाले, “वाढव रे!” नवऱ्यानं वाढवलं. “अजून वाढव!” अजून वाढवलं. मग दुसरं गाणं सुरू झालं. आईंच्या हातातलं पातेलं सुटलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा कुत्रा पलंगाखाली गेला तो संध्याकाळीच बाहेर आला. त्या दिवसापासून सीडी लागली, की बाबा मशीनशेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि ट्रक ड्रायव्हरनं गिअरवर ठेवावा तसा आवाजाच्या बटणावर हात ठेवायचे. उतार आला की कमी, चढ आला की जास्त. गाणी आम्ही ऐकायचो, बाबा ती चालवायचे.

अशात आईंचा साठावा वाढदिवस आला. रविवार, वीस माणसं. नवऱ्यानं जाहीर केलं, “आईच्या आवडीची चौदा गाणी. एका सीडीवर. आणि आठवं गाणं आईचं स्वतःचं!”

आईंचं गाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

पस्तीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, बाबांनी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि हातात माइक धरून आईंचं एक गाणं टिपलं होतं. आईंना ते त्यांच्या आईनं शिकवलेलं. त्यानंतर शाळा, पोर, स्वयंपाक आणि साठ मुलांवर ओरडणं यात गळा गेला आणि आई परत कधी गायल्या नाहीत. राहिली ती एक कॅसेट. पण ती इतकी हळू, की लावली की सगळे म्हणायचे “वाढवा, वाढवा”, आणि आवाज पुरता वाढला, की बरोबर दुसऱ्या कडव्यात तोफेसारखी एक शिंक यायची. खिडकीची तावदानं थरथरायची आणि मग आई-बाबांचं भांडण लागायचं.

“तुमची शिंक.”

“माझी नाही. शेजाऱ्यांची. भिंतीपलीकडून आलीय.”

“भिंतीपलीकडून? एवढी?”

“भक्कम माणूस होता.”

ते शेजारी वीस वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेले, त्यामुळे त्यांना आपली बाजू मांडता येत नव्हती. या भांडणाखाली उरलेलं गाणं कधी संपायचं ते कोणाला कळायचंही नाही. थोडक्यात, पस्तीस वर्षांत ते गाणं शिंकेच्या पुढे कोणी ऐकलेलंच नव्हतं. खुद्द आईंनीसुद्धा नाही.

“यंदा ऐकायचं मला,” आई म्हणाल्या. आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात नव्हे. “कॅसेट झिजत चाललीय. पुढं काय गायले होते, मलाच आठवत नाही.”

म्हणून नवरा कामाला लागला. त्याच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं एक बटण होतं. दाबण्याआधी त्यानं मला समोर बसवलं. “आवाज म्हणजे काय, सांगू तुला?”

“सांग,” मी म्हटलं.

त्यानं विजेच्या बिलामागे लाटा काढल्या. पातेल्यावर डाव आपटून दाखवला. वीस मिनिटं तो इतकं जीव तोडून समजावत होता, की मी रोज आठ तास आवाजच मोजते, याची आठवण त्याला करून देणं मला दुष्टपणाचं वाटलं. (शिवाय एक-दोन लाटा त्यानं फार सुंदर काढल्या होत्या.)

बटण दाबलं. सीडी निघाली. फुंकर मारली. तेरा गाणी एका रांगेत, शहाण्या मुलांसारखी. आठवं मात्र होतं तसंच, विहिरीच्या तळातून आल्यासारखं. त्यानं दुसरी सीडी केली. तिसरी. चौथी. वाया गेलेल्या सीडी आईंनी चहाच्या कपांखाली घेतल्या. बाबा म्हणाले, “तुझा काटाच खोटा आहे.” तो बिचारा डोकं धरून बसला.

मला कारण माहीत होतं. ते मशीन गाण्यातला फक्त सगळ्यात मोठा आवाज बघत होतं. आईंच्या वर्गात एकच मुलगा ताडमाड असावा, तपासायला आलेल्या साहेबांनी फक्त त्याचीच उंची मोजावी आणि लिहावं, ‘वर्ग पुरेसा उंच आहे’, तसं. शिंक होती मोठी, म्हणून मशीन म्हणत होतं, की हे गाणं मोठंच आहे, आणखी कशाला वाढवू? आधी शिंकेला खाली बसवायला हवं होतं. हे मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा, आई आणि नवरा तिघंही एकदम बोलायला लागले. मी तोंड मिटलं.

गुरुवारी माझी सुट्टी असते. दुपारी आई-बाबा खरेदीला गेले, नवरा कचेरीत. घरात मी, कॉम्प्युटर आणि रविवारसाठी आणलेला बिस्किटांचा मोठा डबा. नवऱ्यानं वायर लावून कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यात सारखी घरघर येत होती, म्हणून मी टेपरेकॉर्डरसमोर माइक धरला (बाबांनी धरला होता तसाच) आणि गाणं नव्यानं टिपायला घेतलं. धीर यावा म्हणून एक बिस्कीट घेतलं.

मग पहिल्यांदा मी ते गाणं पुरतं ऐकलं. मध्ये बोलायला कोणी नव्हतं. (असं मला वाटत होतं.) आता काय लिहून सांगू! आठवड्याला शेकडो आवाज जातात माझ्या कानांखालून, पण अंगावर काटा आला. हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. (मग खाल्लं.)

टिपून झाल्यावर मी शिंकेपाशी गेले, तिला हातानं धरून खाली बसवलं, आणि मग दुसरं एक बटण दाबलं. ते क्षणाक्षणाला आवाज बघतं. हळू असेल ते वर उचलतं, मोठं असेल ते दाबतं, सगळं एका पातळीत आणतं. सुरुवात ऐकली, छान. शिंक ऐकली, सभ्य माणसाची वाटत होती. तेवढ्यात दारात किल्ली फिरली. मी माझं गाणं नवऱ्याच्या गाण्याच्या जागी त्याच नावानं ठेवून दिलं आणि उठले. पुढचं तपासलंच नाही. पस्तीस वर्षांच्या परंपरेनुसार मीही शिंकेपाशीच थांबले. त्या घराची खरी सून मी तेव्हा झाले.

शुक्रवारी नवऱ्यानं सगळा धीर गोळा करून पाचवी सीडी केली. प्रत्येक गाण्याची पहिली दहा सेकंदं ऐकली. आठव्याला तो खुर्चीवरून उडालाच. “जमलं! अगं, जमलं! मी म्हटलं नव्हतं, चिकाटी पाहिजे म्हणून!” त्यानं फुंकर मारली, सीडी डोक्यावर धरली आणि खोलीभर नाचला. तो इतका गोड दिसत होता, की खरं सांगणं पुन्हा राहिलं.

त्याच दिवशी आईंनी बिस्किटांचा डबा उघडला. “वरच्या थरातली आठ गायब आहेत.”

तिघांनी बाबांकडे पाहिलं. (तिघांत मीही होते, हे लिहिताना लाज वाटते.) बाबांना साखर वर्ज्य आहे.

“मी नाही,” बाबा म्हणाले.

“मग काय शेजाऱ्यांनी खाल्ली?” आई म्हणाल्या. बाबांचा चहा बिनसाखरेचा होताच, आता बिस्किटाशिवायही झाला. मी सांगणार होते. रोज सकाळी उठून सांगणार होते. पण त्या घरात वाक्य घुसवायला दोन वाक्यांमध्ये जी फट लागते, ती मला सापडत नव्हती. निदान मी स्वतःला असं सांगत होते.

रविवारी वीस माणसं आली. आईंच्या शाळेतल्या बाई, खालचे डॉक्टर, समोरच्या कुंड्यांवाल्या बाई, आणि पहिल्या खुर्चीत मावशी. सीडी लागली. बाबा सवयीनं बटणावर हात ठेवून बसले, पण पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं, उतार नाही, चढ नाही. सात गाणी सपाट रस्त्यानं गेली. बाबांचा हात बेकार झाला. मावशींनी एकदाही “काय?” विचारलं नाही, ही तर वैद्यकीय घटना होती. नवरा दारात उभा राहून सगळ्यांचे चेहरे वाचत होता.

आठवं सुरू झालं. तरुण, स्वच्छ, जवळून. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. दुसरं कडवं आलं, आणि शिंक. आली तशी गेली, बारीकशी.

“ती शेजा...” बाबांनी सुरुवात केली.

आईंनी हात वर केला. साठ मुलांना एका क्षणात गप्प करणारा हात. “थांबा. पुढं ऐकायचंय मला.”

आणि पुढचं गाणं आलं. ती तान वर चढत गेली तशी डॉक्टरांनी मान खाली घातली. शाळेतल्या बाई तोंडावर हात ठेवून बसल्या. आई स्वतःकडेच बघत असल्यासारख्या समोर बघत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, की हे मी केलं, कोणाला कधी कळलं नाही तरी चालेल.

तान संपली. दोन ओळींमध्ये गायिका श्वास घ्यायला थांबली. आणि हळू असेल ते वर उचलणाऱ्या त्या बटणानं त्या शांततेत जे सापडलं ते प्रामाणिकपणे वर उचललं.

कुरुम कुरुम. आणि मग माझा आवाज.

“अगंबाई! गाणं थांबतं आणि मग शिंक येते... म्हणजे ही आईंचीच शिंक!”

पुढची ओळ. त्यानंतर पुन्हा फट.

“आणि बाबा बिचारे पस्तीस वर्षं शेजाऱ्यांवर ढकलतायत.” कुरुम.

बाबांचा हात अखेर कामाला लागला. पण पस्तीस वर्षांची सवय. त्यांनी बटण फिरवलं ते वाढवायच्या बाजूला.

“काय गळा आहे हो, आई!” मी खोली दणाणून टाकत म्हणाले. “असं गाता येतं, तर दिवसभर ओरडता कशाला?” ओळ. कुरुम कुरुम. “आणि म्हणे, सून घरात आहे का ते चपला बघून ठरवावं लागतं!”

मी भिंतीत शिरायचा प्रयत्न केला. भिंत पक्की होती. आईंचा हात मात्र अजून वरच होता, त्यामुळे कोणी हसू शकत नव्हतं, हलू शकत नव्हतं. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, तिथं थोडं थबकलं आणि संपलं. नवऱ्यानं नववं लागायच्या आत मशीन बंद केलं. तो माझ्याकडे बघत होता. (तू? असं त्याच्या डोळ्यांत होतं. आणि मग, वा!)

आईंनी हात खाली घेतला. “माझी होती?” त्या इतक्या हळू बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

बाबा बटणाकडे बघत राहिले. “डोळे मिटून गात होतीस. संपल्यावर उघडलेस आणि विचारलंस, मध्येच कोण शिंकलं? रडवेली झाली होतीस. मी काय सांगणार?”

“म्हणून त्या देवमाणसाचं नाव घेतलंत?”

“त्याला विचारलं होतं मी. म्हणाला, खुशाल घ्या.”

“आणि मी तुम्हाला आजवर खोटारडे म्हणत आले.”

“त्याचं काय एवढं? बाजारात याहून वाईट म्हणायचे.”

“काय म्हणाले ते?” मावशींनी विचारलं.

“शेजाऱ्यांची परवानगी होती!” नवरा ओरडला.

आई काही वेळ बाबांकडे नुसत्या बघत राहिल्या. ज्या माणसानं आयुष्यभर कोणाला चिमूटभर वजनात फसवू दिलं नाही, त्यानं घरात एक खोटं इतकी वर्षं बिनचूक तोलून धरलं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“म्हणजे चपलांचं ऐकलं होतंस तू.”

“मी तुला तेव्हाच सांगत होते, हळू बोल म्हणून!” मावशी म्हणाल्या. समोरच्या बाईंनी जोरात मान हलवली.

“ते चुकलंच माझं,” आई म्हणाल्या. डोळे पुसले. आणि मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. भुवया जवळ आल्या. “पण एक सांगा मला. सारखं मध्ये मध्ये ते कुरुम कुरुम काय वाजत होतं?”

खोलीत टाचणी पडली असती तर मावशींना ऐकू आली असती. बाबांच्या हातात चहाचा कप होता, बिनसाखरेचा, बिनबिस्किटाचा. त्यांनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना तोलायला फार वेळ लागत नाही.

“ते होय,” बाबा अगदी सहज म्हणाले, “शेजारी असतील.”

इतक्या दिवसांत दोन वाक्यांमध्ये पहिल्यांदाच फट पडली होती, आणि वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घसा साफ केला आणि कुत्रा पुन्हा पलंगाखाली जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाले, “शेजारी नव्हेत, आई, मी खाल्ली. आणि आठ नव्हेत, अकरा. खालच्या थरातली तीन तुम्ही मोजलीच नाहीत.”